काळ्या खिडकीचे माप

प्रॅक्टिकलला प्रोग्राम अगदी बरोबर चालतो, पण सोळा कॉलमच्या मॅट्रिक्सची ओळ मध्येच तुटून खाली येते आणि एक्स्टर्नल भुवई वर करतात. इथे लॉजिक चुकलेले नसते. प्रत्येक कॉलमला टॅबची आठ अक्षरे धरली तर ओळ होते १२८ अक्षरांची, आणि विंडोज १० मधली कमांड प्रॉम्प्टची खिडकी असते १२० ची. उरलेली आठ जाणार कुठे?

जुन्या खिडकीत तर ८०च अक्षरे मावायची. हा आकडा आला आयबीएमच्या १९२८ च्या पंच कार्डावरून, त्यावर ८० उभे रकाने असत. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये १९६४ साली सीडीसी ३६०० आला, तेव्हा प्रोग्राम असेच कार्डांवर पंच करून द्यावे लागत. कार्डे गेली, ८० मात्र चिकटून राहिले!

आता उपाय. खिडकीच्या टायटल बारवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, मग लेआउट. तिथे दोन मापे दिसतात आणि बहुतेकांचा घोळ इथेच होतो. विंडो साइझ म्हणजे डोळ्यांना दिसणारा भाग. स्क्रीन बफर म्हणजे मागे साठवलेला सगळा मजकूर. लोकलच्या खिडकीतून एकच स्टेशन दिसते, पण लाइन पार विरारपर्यंत असते, तसेच हे. ओळ कुठे तुटणार ते बफरची रुंदी ठरवते, म्हणून दोन्हीकडे रुंदी १३० करा. बफरची उंची ९००१ असेल तर तिला हात लावू नका.

घाईत असाल तर इंग्रजी अक्षरांत 'मोड कॉन कॉल्स=१३० लाइन्स=४०' टाइप करा. झटपट होते, पण बफरही ४० ओळींचाच उरतो आणि आधीचे आउटपुट पुसले जाते. कंपायलरने साठ एरर दिल्या तर पहिल्या वीस गायब, आणि खरी एरर बहुधा पहिलीच असते. त्यामुळे माझे मत प्रॉपर्टीजलाच.

विंडोज ११ मध्ये २०२२ पासून विंडोज टर्मिनल उघडते. त्यात सेटिंग्ज, स्टार्टअप, लाँच साइझ इथे आकडे भरा. अक्षरे बारीक वाटली तर कंट्रोल दाबून माउसचे चाक फिरवा, म्हणजे मागच्या बाकावरच्यांनाही वाचता येईल (कॉपी करायला नव्हे!).