आधी बॅटरी, मग वीज

(रिसोडचा एक जुना छापखाना. ४८६ संगणकाचा मदरबोर्ड टेबलावर काढून ठेवलेला. मामा आणि इंजिनिअरिंगला शिकणारी भाची.)

भाची : मामा, एकदा वीज देऊन बघू या का? चालू झाला तर पुढची खटपटच नको.

मामा : थांब. कीबोर्डच्या सॉकेटजवळ ती निळी, नळकांड्यासारखी बॅटरी दिसते ना? निकेल-कॅडमियमची, ३.६ व्होल्टची. तिच्या बुडाशी काय आहे?

भाची : हिरवट-पांढरी पूड. पुसून टाकते.

मामा : पुसून भागत नाही वं. बॅटरीतून पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाझरतं आणि हिरव्या लेपाखालून तांब्याच्या रेघा खात पुढे सरकतं. संगणक बंद असला तरी ते काम चालूच असतं. शेजारी कीबोर्डचा कंट्रोलर, त्यामुळे पहिला फटका त्यालाच बसतो. म्हणून जुना बोर्ड हाती आला की आधी बॅटरी कापून काढायची. लोक या गळतीला ॲसिड समजतात आणि खायचा सोडा चोळतात. अरे, हा अल्कली आहे! याला पांढरं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावायचा. मग डिस्टिल्ड वॉटरने धुवायचं, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं.

भाची : मग वीज द्यायची?

मामा : पुन्हा तेच! ही काळी पडलेली रेघ बघ. पात्याच्या टोकाने लेप हळूच खरवड. गुलाबी तांबं दिसेपर्यंत खरवडायचं. आता मल्टीमीटर दोन्ही टोकांना लाव. आवाज आला तर रेघ शाबूत. नाही आला तर इनॅमलची बारीक तार दोन्ही टोकांना डाग देऊन जोडायची. एकेक रेघ अशी तपासायची.

भाची : नवीन बॅटरी कोणती? नाण्यासारखी बसवू?

मामा : बसव, पण सरळ नाही. हा बोर्ड जुन्या बॅटरीला चार्ज करत असे. लिथियमच्या सीआर २०३२ ला चार्जिंग चालत नाही, ती फुटू शकते. मध्ये एक शॉटकी डायोड घाल, म्हणजे बॅटरीतून वीज बाहेर येईल, आत जाणार नाही. होल्डरही लाव, पुढच्या वेळी डाग द्यायला नको.

भाची : बरं. आता तरी वीज?

मामा : आधी पाच व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यात शॉर्ट नाही ना, ते बघ. बारा व्होल्टच्या वाटेवर टँटलमचे कॅपॅसिटर असतात. वर्षानुवर्षं पडून राहिले की त्यातला एखादा शॉर्ट होतो. मग पॉवर सप्लायचे दोन कनेक्टर. दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध एकमेकींशेजारी आल्या पाहिजेत. उलटे लावलेस तर बोर्ड गेला. आणि बायोसच्या चिपवरचं स्टिकर काढू नको. त्याखाली काचेची खिडकी असते, तीतून अतिनील किरण गेले तर आतला प्रोग्राम पुसला जातो. आपल्याकडचं ऊन तुला माहीत आहे.

भाची : एवढं करून मिळणार काय? नवा संगणक याच्या हजारपट वेगवान आहे.

मामा : हा आयएसए स्लॉट बघ. यात जिस्ट कार्ड बसतं. त्या तंत्राचं काम आयआयटी कानपूरला सुरू झालं, आणि १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने ते कार्डाच्या रूपात आणलं. डॉसच्या पडद्यावर मराठी उमटायची ती त्यामुळे. नव्या बोर्डांवर हा स्लॉटच नाही. इथल्या डिस्कवर लग्नपत्रिका, स्मरणिका, गावाच्या यात्रेची पत्रकं आहेत. त्यांवर अजून 'ता. रिसोड, जि. अकोला' असं असेल. वाशिम जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला, त्याच्या आधीचा हा माल. असे किती बोर्ड गेले! एका संगणकवर्गाने बंद होताना सगळे संच किलोवर भंगारात घातले. डिस्कमध्ये काय आहे, एकाने उघडून पाहिलं नाही. मी गेलो तोवर बोर्ड सोन्यासाठी तोडायला निघाले होते.

भाची : फाइल्स काढल्या की बोर्डाचं काम संपलं, नाही का?

मामा : नाही. त्या फाइल्स इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतपद्धतीच्या. युनिकोडची देवनागरी इस्कीवरूनच घेतलेली, त्यामुळे रूपांतर जमतं. पण जोडाक्षर, नुक्ता, ओळींची मांडणी बरोबर आली की नाही, हे ताडून बघायला मूळ पडदाच हवा. तोवर हा बोर्ड लागणार.

भाची : मग वेगही वाढवू या. प्रोसेसर बदलू.

मामा : बदल, पण बोर्डाला झेपेल तेवढंच. डीएक्स-२ ६६ मेगाहर्ट्झचा, पाच व्होल्टचा, तो चालेल. जंपर मात्र मॅन्युअल पाहून लाव. डीएक्स-४ ला साधारण ३.३ व्होल्ट लागतात, तो पाच व्होल्टच्या सॉकेटात सरळ घातलास की जळाला. रॅमच्या ३० पिनांच्या पट्ट्या आठ-आठ बिटांच्या, म्हणून एकसारख्या चार बसवायच्या. डिस्कऐवजी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड, साध्या अडॅप्टरवर. अशा जुन्या बायोसला बहुधा ५०४ एमबीच्या पुढचं दिसत नाही, पण या फाइल्सना तेवढं पुरून उरतं. सुटे भाग इथे मिळाले नाहीत तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली.

भाची : आणि वीज?

मामा : आता दे. फक्त बोर्ड, प्रोसेसर आणि स्पीकर. रॅमही नको. बहुतेक बोर्ड रॅम नाही म्हणून बीप करून तक्रार करतात. तसं झालं तर बायोस जिवंत समजायचा. मग बंद करून रॅम, मग व्हीजीए कार्ड, मग जिस्ट, एकेक. जुनी डिस्क सगळ्यात शेवटी, आणि ती फिरली की त्याच बैठकीत सगळी नक्कल कार्डावर. आज फिरली म्हणून उद्या फिरेलच, असं धरून चालू नको. आणि गावात ज्या कोणाच्या माळ्यावर असा संगणक पडलाय, त्यांना आजच सांगून ये. चालू करायची घाई नको, पण बॅटरी आजच काढा.