ऊस तुटला की घूस घराकडे

फडाची तोड झाली की तिथली घूस बांधावर अन् बांधावरून गोठ्याकडे, कणगीकडे सरकते. विष आणण्याआधी ती घूसच आहे का हे पाहावे. भिंतीलगत बिळाच्या तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग असेल तर घूस समजावी. घरउंदीर आढ्यावर, छपरात राहतो. चिचुंद्रीचे नाक लांब, टोकदार अन् वास उग्र. ती मुख्यतः किडे खाते, तिला बिचारीला मारू नये.

संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवावीत. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच चालू. एवढं साधं काम कोणी करीत नाही अन् रिकाम्या बिळात विष घालून बसतात!

घूस मोठी संशयी. म्हणून दोन-तीन दिवस नुसती तेल लावलेली धान्याची भरड खाऊ घालावी. मग ९६ भाग भरड, २ भाग गोडेतेल, २ भाग झिंक फॉस्फाइड उघड्यावर काठीने कालवावे. पुडी चालू बिळात खोल सारून तोंड बुजवावे. या विषावर उतारा नाही. उघडा हात लावू नये, पोरं, कुत्री, कोंबड्या लांब ठेवाव्यात, मेलेली घूस खोल पुरावी. राहत्या घरात मात्र सापळाच लावावा.

यातून वाचलेली घूस ते आमिष पुन्हा लवकर शिवत नाही. तिला ब्रोमॅडिओलोनचे ०.००५ टक्क्यांचे तयार आमिष घालावे. त्याने मरण काही दिवसांनी येते, म्हणून संशय येत नाही. बिळं बुजवायची संध्याकाळ मात्र सगळ्या वस्तीने एकच धरावी, नाहीतर शेजारची घूस आपल्याकडे आलीच.