सायकलस्वाराची शिदोरी
(इयत्ता सातवी व आठवीकरिता आरोग्य आणि गणित यांचा संयुक्त पाठ)

सायकल सहलीच्या आदल्या दिवशी चाकांतील हवा, ब्रेक व घंटी यांची तपासणी होते. स्वाराच्या पोटाची मात्र सहसा होत नाही. घाट चढताना एखादा मुलगा निस्तेज होऊन मध्येच बसतो, त्याचे कारण पुष्कळदा सायकलीत नसून रिकाम्या पोटात असते. हा पाठ सहलीपूर्वी किमान दोन दिवस आधी घ्यावा.

उदाहरणादाखल वाईहून पाचगणीस जाणारा पसरणी घाट घ्यावा. चढ सुमारे ५७० मीटर. मुलाचे वजन ४२ किलो व सायकलीचे १८ किलो धरल्यास एकूण भार ६० किलो होतो. तो वर नेण्यास ६० × ९.८ × ५७०, म्हणजे सुमारे ३३५ किलोज्यूल, अर्थात ८० किलोकॅलरी इतके कार्य करावे लागते. 'एवढेच ना?' असे वर्गात कोणीतरी म्हणेलच. तेव्हा सांगावे की, आपले शरीर अन्नातील ऊर्जेचा जेमतेम चौथा भाग अशा कार्यात उपयोगी आणते. बाकीची उष्णतारूपाने बाहेर पडते. यास्तव खरा खर्च ३२० किलोकॅलरींच्या घरात जातो. रस्त्याचे घर्षण निराळेच. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून जवळजवळ इतकीच ऊर्जा मिळते. एक भाकरी सायकलीसह मुलाला घाटमाथ्यावर पोचविते, हे उत्तर मुले सहसा विसरत नाहीत.

परंतु ती भाकरी केव्हा खाल्ली, यावर बरेच अवलंबून असते. शरीर आपला साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपाने स्नायूंत व यकृतात ठेवते. रात्रभर उपाशी असताना यकृतातील साठा बराच खर्ची पडतो आणि मेंदूला तर रक्तातील साखर अखंड हवी असते. केवळ चहा घेऊन निघालेल्या मुलास चढावर थंड घाम येतो, हात कापतात, तो विनाकारण चिडतो. त्यास आळशी म्हणून हिणविणे हा निव्वळ अन्याय होय. निघण्यापूर्वी दीड-दोन तास भाकरी-भाजी किंवा पोहे खावेत. वाटेत दर अर्ध्या तासाने गुळाचा लहान खडा किंवा अर्धे केळे पुरे. शेंगदाणे पौष्टिक खरे, पण त्यांतील स्निग्धांश सावकाश पचतो. ते मुक्कामावर खावेत.

'सकाळी काय खाऊन आलास?' हा प्रश्न मात्र सर्वांसमक्ष विचारू नये. काही घरांत सकाळी चूलच पेटत नाही, आणि मूल ते सांगत नाही. त्यापेक्षा शाळेनेच निघण्यापूर्वी सर्वांस एकत्र न्याहारी द्यावी आणि वाटेतील शिदोरी गोपाळकाल्याप्रमाणे एकाच फडक्यात ठेवावी. उपवास करणाऱ्या मुलांकरिता राजगिऱ्याचे लाडू व केळी असू द्यावीत.

पाण्याविषयी मुलांची समजूत अशी असते की, तहान लागली म्हणजे प्यावे. श्रमात व उन्हात तहानेची जाणीव पुष्कळदा उशिरा होते. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबून चार-सहा घोट घ्यावेत. लघवी गडद पिवळी असल्यास पाणी कमी पडले असे समजावे. तथापि नुसते पाणी भरमसाट पिणेही घातक. त्याने रक्तातील मिठाचे प्रमाण उतरते. फार घाम येत असल्यास लिंबाच्या सरबतात चिमूटभर मीठ घालावे. बाजारातील रंगीत बाटल्यांवर पैसा खर्च करण्याचे कारण नाही.

पाचगणीस पोचताच मुले उतारावर सुटण्यास अधीर होतात. उतारावर पायांना श्रम नसले, तरी ब्रेक दाबणाऱ्या बोटांना व वळण पाहणाऱ्या डोळ्यांना असतातच. भुकेने कापणारा हात ब्रेक नीट धरू शकत नाही. म्हणून तेथे अर्धा तास सावलीत बसवावे, उरलेली शिदोरी संपवावी, पाण्याच्या बाटल्या पुन्हा भरून घ्याव्यात, आणि प्रत्येकाचे हात पाहूनच खाली उतरण्याची अनुज्ञा द्यावी.