मरणाचा निरोप न ऐकणाऱ्या पेशी

मोठ्या आतड्याचे आतले अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवे होते. जुन्या, बिघडलेल्या पेशी आपणहून मरतात आणि नव्यांना जागा देतात. पेशींचे हे अनित्य असणेच आपल्याला निरोगी ठेवते. मरायची वेळ आलेल्या पेशी जगत राहिल्या, की गाठ वाढू लागते.

‘आता संप’ हा निरोप पेशीला बाहेरून मिळतो. तो घेणारे रिसेप्टर तिच्या आवरणावर असतात. त्यांपैकी एकाचे नाव ‘फास’. त्याला दारावरची बेल समजा. शरीराचे रक्षण करणारी पेशी ती वाजवते, खबर आत जाते आणि बिघडलेली पेशी मरते.

ही बेल कशी बनवायची, ते फासच्या जनुकात नऊ तुकड्यांत लिहिलेले असते. पेशी मधला नको असलेला भाग कापते आणि हे तुकडे जोडते. याला स्प्लायसिंग म्हणतात. १९७७ साली लागलेल्या या शोधासाठी रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांना १९९३ चे नोबेल मिळाले. तुकडे वेगळ्या रीतीने जोडले, तर एकाच जनुकातून वेगळे प्रथिन तयार होते.

फासचा सहावा तुकडा बेल आवरणात घट्ट बसवतो. तो गाळला गेला, तर बेल दारावर न राहता बाहेर सुटी फिरते. निरोप आणणारा रेणू तिलाच चिकटतो आणि आत काही पोचत नाही. निरोगी शरीरातही अशा सुट्या बेली थोड्या बनतात, पण कर्करोगाच्या पेशीच्या त्या पथ्यावर पडतात. मोठ्या आतड्याच्या अनेक गाठींत पेशींवरचा फास कमी झालेला दिसतो. कर्करोगाचे हे एकच कारण नव्हे, अनेक बिघाड साचत जातात.

ते साचायला बहुधा वर्षे लागतात. ही वर्षेच आपल्या हातातली संधी आहे. संडासातून रक्त पडणे, शौचाची सवय बदलणे, वजन घटणे, अंगातले रक्त कमी होणे, अशी लक्षणे दिसली तर ‘मूळव्याध असेल’ म्हणून जाहिरातीतल्या औषधावर दिवस काढू नका. लाज न बाळगता सरकारी रुग्णालयात जा. दुर्बिणीने तपासणी होते आणि सुरुवातीची लहान गाठ त्याच वेळी काढताही येते. तंबाखू आणि दारू सोडा.

आजार हे पूर्वजन्मीचे पाप नव्हे, करणीही नव्हे. त्याला कारण असते, आणि कारण कळले की उपाय शोधता येतो. हीच तथागतांची शिकवण आहे.