जिनिंगचा ओटा आणि चाकांवरची फळी

(मामा यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवतात. भाची पुण्यात आर्किटेक्चर शिकते आणि सुटीत स्केटबोर्ड घेऊन आली आहे.)

मामा : एकदम मुळापासून सांग. हा खेळ आहे की कला? तू दोन्ही म्हणून राहिली.

भाची : दोन्ही आहे, मामा. ऑलिंपिकमध्ये तो पहिल्यांदा टोकियोत आला, २०२१ साली. मुलींच्या स्ट्रीट प्रकारात सुवर्णपदक मिळवणारी जपानची मोमिजी निशिया तेव्हा तेरा वर्षांची होती. स्ट्रीट म्हणजे रस्त्यावर असतात तशा पायऱ्या, कठडे, उतार मांडायचे आणि त्यांवर खेळायचं. धावण्यात घड्याळ निकाल देतं. इथे परीक्षक पाहतात की ट्रिक किती अवघड होती, किती सफाईनं झाली आणि दिलेली जागा कशी वापरली. एकच कठडा दोघी दोन तऱ्हांनी घेतात. कला शिरते ती तिथूनच.

मामा : आपल्या महाराष्ट्रातलं कोणी?

भाची : पुण्याची श्रद्धा गायकवाड. २०२२ साली गुजरातमध्ये झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत मुलींच्या स्ट्रीटचं सुवर्ण तिनं जिंकलं. मुंबईत कार्टर रोडला आणि नवी मुंबईत नेरूळला स्केटपार्कही आहेत.

मामा : आणि ही फळी मुळात आली कुठून?

भाची : कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून. १९५०च्या दशकात लाटांवर फळी घेऊन खेळणारी मुलं समुद्र शांत असला की रिकामी बसत. त्यांनी रोलर स्केटची चाकं काढून फळीखाली ठोकली आणि फुटपाथवर उतरली. चाकं आधी लोखंडी होती, मग चिकणमातीच्या मिश्रणाची आली. बारीक खडा आडवा आला तरी चाक अडायचं आणि मुलगा तोंडावर पडायचा. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी यांनी युरेथेनची चाकं बाजारात आणली. युरेथेन थोडं दबतं, रस्ता धरून ठेवतं. खेळाला जोर आला तो त्यानंतर.

मामा : आम्ही तर लोखंडावरच होतो. गॅरेजमधून, जिनातून टाकून दिलेली बेअरिंगं आणायची, फळीला ठोकायची आणि उतारावर सोडून द्यायची. आवाजानं अख्खी गल्ली बाहेर यायची.

भाची : आणि पुढची दांडी पायानं वळवायचात ना? बोर्डमध्ये ते काम ट्रक करतो. चाकांचा आस ज्यात बसवलेला असतो तो हा ॲल्युमिनियमचा भाग. याच्यात हे रबरासारखं बुशिंग आहे बघा. एका अंगाला वजन टाकलं की ते दबतं आणि आस वळतो. दोरी नाही, हँडल नाही. तुम्ही जिकडे कलाल तिकडे बोर्ड जाईल. चाकातलं बेअरिंग ६०८ नंबरचं. आतला व्यास ८ मिलिमीटर, बाहेरचा २२, जाडी ७. छोट्या मोटरींतही हेच असतं. खराब झालं तर पुण्याहून मागवायची गरज नाही, बेअरिंगच्या दुकानात मिळतं.

मामा : लाकूड मात्र साधं नाही दिसत.

भाची : मेपलचे सात पातळ थर चिकटवून, दाबून केलेली फळी आहे. काही थर उभे, काही आडवे, म्हणून ती लवते पण चटकन मोडत नाही. वर खरखरीत ग्रिपटेप. तिच्याशिवाय उडी मारताच येणार नाही.

मामा : ती उडीच मला छळून राहिली. तू अंगणात उडी मारतेस, फळी पायाला चिकटून वर येते, हात तर लावत नाहीस. पुन्हा पुन्हा पाहिलं, तरी कागदावर उतरेना.

भाची : तिला ऑली म्हणतात. फ्लोरिडाच्या ॲलन गेलफंडनं १९७०च्या दशकाच्या अखेरीस ती पार्कच्या उभ्या भिंतीवर शोधली, मग रॉडनी मुलननं ती सपाट जमिनीवर आणली. तुम्ही एक चित्र काढू नका, तीन काढा. पहिल्यात गुडघे वाकलेले आणि मागचा पाय फळीच्या शेपटीवर. दुसऱ्यात शेपटी जमिनीवर आपटली आहे, म्हणून पुढचं टोक उसळून वर आलं आहे. फळी तिरपी आणि मुलगी जमीन सोडून निघालेली. तिसऱ्यात पुढचा पाय ग्रिपटेपला घासत पुढे सरकतो आहे. त्या घर्षणानं फळीचं मागचं टोक वर येतं आणि फळी आडवी होते. आपल्याला चिकटल्यासारखी दिसते ती या क्षणी. चिकटलेलं काहीच नसतं. फळी खालून वर येत असते आणि पाय तिला दिशा देत असतो.

मामा : म्हणजे मी पहिलं आणि तिसरं एकात कोंबत होतो. माझे पोट्टे स्मरणचित्रात हेच करतात. पळणारा माणूस काढा म्हटलं की उभ्या माणसाला फक्त वाकडे पाय लावतात. मधला क्षण कोणी पाहतच नाही! एलिमेंटरी परीक्षेच्या मुलांसमोर तू एकदा ही उडी मार. कागद-पेन्सिल नंतर, आधी नुसतं पाहायचं.

भाची : मारते. पण त्यांना पडणंही पाहू द्या. माझ्या पडण्यात शिकण्यासारखं जास्त आहे.

मामा : ते नंतर बोलू. जगातल्या चित्रकारांनी यातून काय घेतलं ते सांग आधी.

भाची : बोर्ड उलटा करा. साधारण ३२ इंच लांब, ८ इंच रुंद अशी ही जागा. इथे जिम फिलिप्स या चित्रकारानं १९८५ साली एक निळा हात काढला, तळहातावर किंचाळणारं तोंड असलेला. सांताक्रूझ कंपनीसाठी काढलेलं ते चित्र आज जगभर टीशर्टवर दिसतं. शेपर्ड फेअरी स्केटबोर्डच्याच दुनियेतला. कलाशाळेत शिकत असताना, १९८९ साली, त्यानं एका पहिलवानाच्या चेहऱ्याचं स्टिकर केलं आणि ते मित्रांच्या हातून गावोगाव चिकटत गेलं. २००८ साली ओबामांचं गाजलेलं लाल-निळं पोस्टर त्यानंच केलं. स्पाइक जोन्झनं मित्रांच्या स्केटिंगचे व्हिडिओ काढले. पुढे ‘हर’ सिनेमाच्या पटकथेला त्याला ऑस्कर मिळालं. या मुलांची दखल कोणी घेत नव्हतं, म्हणून त्यांनीच आपले फोटो काढले, मासिकं छापली, फळ्या रंगवल्या. मला यातलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

मामा : पण खालची बाजू तर घासली जाते. चित्र टिकणार कसं?

भाची : टिकत नाहीच. कठड्यावरून फळी घसरली की मधला रंग गेला. काही चित्रकारांना ते चालत नाही, ते बोर्ड भिंतीवर टांगतात. मला टांगलेला बोर्ड बघवत नाही.

मामा : मलाही नाही बघवणार. तान्ह्या पोळ्याचा नंदी बघ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोट्टे पाटावरचा लाकडी नंदी ओढत नेतात, पाटाखाली चाकं. रस्त्यानं धूळ बसते, शिंगाचा रंग उडतो, पुढच्या साली पुन्हा रंग, पुन्हा बेगड. चाकावरचं लाकूड रंगवायला इथल्या मुलांना नव्यानं शिकवावं लागणार नाही. फक्त एक सांगतो, त्यांना अमेरिकेतल्या कवट्या आणि ज्वाळा काढायला लावू नको. टिपेश्वरचा वाघ काढतील, बोंड काढतील, एसटी काढतील. त्यांचं त्यांना काढू दे.

भाची : मान्य. आता माझ्या विषयाकडे येते. इयान बॉर्डन हे लंडनचे वास्तुइतिहासकार. त्यांनी २००१ साली स्केटबोर्डिंग आणि शहर यांच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की स्केट करणारा माणूस इमारत शरीरानं वाचतो. माझंही तसंच झालं. आधी मी इमारतीचा दर्शनी भाग बघायची. आता फरशीचा सांधा, पाण्यासाठी दिलेला ढाळ, ओट्याची कड, पायरीची उंची हे आधी दिसतं. परवा तुम्ही मला बाजार समितीत नेलंत, तेव्हा मी लिलावाच्या ओट्यांकडेच बघत होते.

मामा : मला वाटलं, तुला सोयाबीनचे भाव कळून राहिले!

भाची : हा खेळच अशा रिकाम्या जागांनी घडवलाय. १९७६-७७मध्ये कॅलिफोर्नियात मोठा दुष्काळ पडला. घरोघरचे पोहण्याचे तलाव कोरडे राहिले. तिथल्या तलावांचा तळ गोलाई घेत भिंतीला मिळतो. सांता मोनिका भागातली मुलं त्या कोरड्या तलावांत उतरली, भिंतीवर चढायला लागली. आजच्या स्केटपार्कमधले खोल वाडगे त्या तलावांवरून आले आहेत.

मामा : दुष्काळातून निघालं म्हणतेस! २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं तळाला गेली, यवतमाळात लोक टँकरच्या मागे धावत होते. आपल्याकडे पोहण्याचे तलाव कुठले? ... थांब. ओटे आहेत. जिनिंगचे ओटे!

भाची : कापूस टाकतात ते?

मामा : तेच. पूर्वी कापूस मातीवरच पडायचा. २०००मध्ये केंद्रानं कापूस तंत्रज्ञान अभियान आणलं, त्यात जिनिंग सुधारायच्या तर कापसात माती-कचरा जाऊ नये म्हणून पक्के ओटे बांधणं आलं. यवतमाळ, वणी, पांढरकवडा, दारव्हा, कुठेही जा. दिवाळीनंतर तिथे पांढरे डोंगर लागतात. हंगाम सरला की तो सगळा गुळगुळीत सिमेंटचा पसारा दसऱ्यापर्यंत मोकळा.

भाची : मामा, पुण्यात एवढी सपाट जागा मागून मिळत नाही. खरंच सांगते, स्केटपार्कला लाखो रुपये लागतात, पण शिकायला एक सपाट स्लॅब आणि एक नीट कड पुरते. ओट्याच्या कडेला लोखंडी अँगल बसवला की तिच्यावरून घसरताही येईल आणि कड फुटणारही नाही. उन्हाळ्यात मात्र सकाळी लवकर नाहीतर दिवस मावळल्यावर. पावसात ओल्या सिमेंटवर अजिबात नाही. यंत्रांच्या बाजूला दोर बांधायचा. आणि डांबरी रस्त्यावर फिरवायचं असेल तर चाकं मऊ घ्यायची, ७८ए कठीणपणाची. ओट्यावर ९९ए चालतील.

मामा : मालक तयार होतीलही. आई-बाप? मुलींचे आई-बाप?

भाची : मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचं छोटं गाव आहे. तिथे उल्रिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी २०१५ साली स्केटपार्क बांधला. पैशांसाठी कलाकारांकडून बोर्ड रंगवून घेतले आणि लिलावात विकले. नियम दोनच होते. शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही, आणि मुली आधी. बोर्ड कमी असले की मुलानं मुलीला द्यायचा. आदिवासी आणि यादव घरांतली मुलं तिथे एकमेकांचा हात धरून शिकली. त्यातली आशा गोंड २०१८ साली चीनमध्ये जागतिक स्पर्धेत भारताकडून खेळली. आपल्या जिल्ह्यातही गोंड, कोलाम वस्त्या आहेत, म्हणून मला ही गोष्ट दूरची वाटत नाही.

मामा : अशा मुलींवर एक सिनेमा आला होता ना?

भाची : ‘स्केटर गर्ल’, २०२१ साली. मंजरी माकिजानी यांचा, म्हणजे ‘शोले’तल्या सांबाच्या, मॅकमोहन यांच्या मुलीचा. राजस्थानात उदयपूरजवळ खेमपूरला चित्रीकरण झालं. सिनेमासाठी बांधलेला पार्क त्यांनी पाडला नाही, तो गावातल्या मुलांसाठी ठेवला.

मामा : आणि पडण्याचं काय? आता सांग.

भाची : पहिल्या दिवशी पडायलाच शिकायचं. हात ताठ करून जमिनीवर टेकवला की मनगट जातं. गुडघे वाकवून, खांद्यावरून लोळण घ्यायची. हेल्मेट, मनगटाला आणि गुडघ्याला पॅड, त्याशिवाय बोर्डवर पाय नाही. बाकी मनाचं म्हणाल, तर एक रीत मला फार आवडते. कोणाला खूप दिवस न जमलेली ट्रिक जमली की बाकीचे टाळ्या वाजवत नाहीत. आपापला बोर्ड जमिनीवर आपटतात. सगळ्यात तरबेज मुलगाही नवशिक्या मुलीसाठी आपटतो, कारण तिला किती कष्ट पडले ते त्याला ठाऊक असतं. शाळेत नापास झालेल्या किती मुलांना असं कोणी दाद देतं?

मामा : देत नाही. आम्हीही देत नाही. बरं, कामाचं बोलू. जिनिंगवाल्यांकडे आणि बाजार समितीच्या सभापतींकडे मी येतो. रविवारी संध्याकाळी दोन तास मागू, फुकट, स्वच्छता आमची. हेल्मेटांसाठी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना सांगतो. पण अर्जावर पालकांच्या सह्या पाहिजेत, आणि त्यातल्या निम्म्या सह्या मुलींच्या घरच्या पाहिजेत. त्याशिवाय मी अर्ज नेणार नाही.