रात्री जेवल्यावर पोट फुगते

प्रश्न : माझे वय ६८ आहे. रात्री जेवल्यावर पोट डब्ब होते, गॅस होतो. काय करू?

उत्तर : काका, वयानुसार आतड्यांची हालचाल मंदावते आणि बद्धकोष्ठतेने पोट अधिक फुगते. रात्री हलके, नीट चावून जेवा. झोपण्याच्या दोन-तीन तास आधी. वाल, चवळी रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून शिजवा. दोन आठवडे दूध बंद ठेवून फरक पाहा. जेवणानंतर १०-१५ मिनिटे शतपावली करा. मधुमेहासाठीच्या मेटफॉर्मिननेही गॅस होऊ शकतो. मात्र गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. त्रास नव्याने सुरू होऊन टिकला असेल, वजन घटत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता तपासणी करून घ्या.