अंथरुणावरचा नेम



आजचं वचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७.

दोन श्लोकांचा सरळ अर्थ असा. भगवंत अर्जुनाला सांगतात, फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही. फार झोपणाऱ्याला नाही, सारखं जागणाऱ्यालाही नाही. ज्याचं खाणंपिणं, हिंडणंफिरणं, काम, झोप आणि जाग ही सगळी बेताची असतात, त्याचा योग त्याचं दुःख हरण करतो.

यातला मुख्य शब्द 'युक्त'. युक्त म्हणजे जोगतं, बेताचं, ज्याला जेवढं हवं तेवढं. गंमत बघा, भगवंतांनी आकडा कुठेच दिलेला नाही. किती भाकरी, किती तास झोप, काही नाही. कारण बेत प्रत्येकाचा वेगळा. आणि त्याच माणसाचा बेतसुद्धा धडधाकट असताना एक आणि आजारपणात दुसरा.

आजचं चिंतन पाठीच्या दुखापतीनं घरी पडून असलेल्या मंडळींसाठी आहे. आपल्या जुन्नर-आंबेगाव भागात अशी माणसं वाडीवस्तीवर सापडतात. कुणी टोमॅटोचे क्रेट गाडीत चढवताना कंबर धरून खाली बसतो. कुणाची कांद्याची गोणी उचलताना पाठीत कळ जाते. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात हिरडा काढायला झाडावर चढलेला माणूस फांदीवरून घसरतो. पावसात बांधावरून पाय सटकणं तर नेहमीचंच. मग डॉक्टर सांगतात, सहा आठवडे वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. शरीर ऐकतं, त्याला दुसरा इलाजच नसतो. मन मात्र शेतात जातं. लावणी कुणी थांबवत नाही, तोडा थांबत नाही, सोसायटीचा हप्ता तर नाहीच नाही.

गेल्या पावसाळ्यात मी स्वतः पाच आठवडे पट्टा बांधून घरात होतो, म्हणून हे जरा अनुभवानं लिहितो. दुखणं दिवसा सोसतं. पण दुपारी दोन ते पाच हे तीन तास फार लांब असतात. घरातली सगळी कामाला गेलेली, आढ्याचे वासे मोजून झालेले, आणि एकच विचार घोळत राहतो : मी आता कुणाच्या उपयोगाचा नाही.

आडवं पडून नाम घेतलं तर चालतं का?

वारकरी घरातल्या आजारी माणसाला हा प्रश्न हमखास पडतो. आंघोळ रोज होत नाही, देवापुढे बसता येत नाही, मांडी घालता येत नाही. मग हरिपाठ म्हणावा की नाही? त्यात याच सहाव्या अध्यायात, चारच श्लोक आधी, भगवंतांनी सांगितलंय की धड, मान आणि डोकं सरळ, स्थिर ठेवून बसावं. आता ज्याचा मणकाच दबलाय त्यानं काय करावं?

उत्तर गीतेतच आहे. आठव्या अध्यायाच्या सातव्या श्लोकात भगवंत सांगतात, सर्व काळी माझं स्मरण कर. सर्व काळी म्हटल्यावर त्यात अंथरुणावरचा काळही आलाच की. पाचव्या अध्यायातल्या आठव्या-नवव्या श्लोकांत बघणं, ऐकणं, खाणं, चालणं अशा क्रियांची यादी आहे. त्या यादीत झोपणं आहे आणि श्वास घेणंही आहे. ज्ञानदेवांचा हरिपाठ तर नामाला काळवेळेचं बंधनच ठेवत नाही. आसन हे मन स्थिर करण्याचं साधन झालं. ज्याला बसता येतं त्यानं बसावं. ज्याला येत नाही त्याच्यासाठी अंथरूण हेच आसन.

आणि आपल्या तालुक्यातलीच खूण सांगतो. ओतूरला चैतन्य महाराजांची समाधी आहे. तुकोबांच्या गुरुपरंपरेतलं हे स्थान. तुकोबांना बाबाजी चैतन्यांचा उपदेश झाला तो माघ शुद्ध दशमीला, स्वप्नात. स्वप्न कधी पडतं? झोपेत. म्हणजे एवढ्या मोठ्या संताला गुरुमंत्र मिळाला तेव्हा तो आसनावर नव्हता, अंथरुणावर होता. हे ध्यानात आलं की मनातला संकोच जातो.

विश्रांतीचाही बेत हवा

आता 'युक्त' शब्दाकडे परत येऊ. आपल्याकडे पाठीच्या दुखण्यात दोन टोकं दिसतात. एक, चार दिवसांत कळ जरा कमी झाली की माणूस पुन्हा क्रेटला हात घालतो. दुसरं, भीतीनं महिनाभर कूससुद्धा बदलत नाही. सोळावा श्लोक दोन्ही टोकांना नाही म्हणतो, आणि आजचं वैद्यकशास्त्रही तेच सांगतं. नुसती उसण भरली असेल तर डॉक्टर आठवडेच्या आठवडे पडून राहायला सांगत नाहीत, झेपेल तसं लवकर हिंडतं-फिरतं व्हायला सांगतात. फार दिवस निजून राहिलं की स्नायू झडतात, पोट साफ होत नाही, पाठीला जखमा होतात, पायाच्या शिरेत रक्ताची गाठही होऊ शकते. मणक्याला तडा असेल तर मात्र पट्टा किती दिवस, चालणं किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. तिथे आपली अक्कल चालवायची नाही.

आणखी एक. उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घ्यायची आपल्याकडे जुनी पद्धत. पण पडल्या-झडल्याची दुखापत असेल तर आधी फोटो काढून घ्या, पाठीवर कुणालाही पाय देऊ देऊ नका. पायातली ताकद कमी वाटली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

उठतानाही युक्ती आहे. सरळ उठून बसायचं नाही. आधी अख्खं अंग एकदम कुशीवर वळवायचं, पाय खाटेखाली सोडायचे आणि हातानं रेटा देत उठायचं. उताणं निजल्यावर गुडघ्यांखाली उशी घेतली की कंबरेला आराम पडतो.

विहार म्हणजे काय?

सतराव्या श्लोकात आहाराच्या जोडीला विहार हा शब्द आहे. हिंडणं, फिरणं, मन रमवणं हे सगळं त्यात येतं. म्हणजे वेळ घालवण्याचाही विचार भगवंतांनी केलाय. आणि विहार म्हटलं की आपल्याला लेण्याद्री आठवावी. गिरिजात्मजाचं देऊळ ज्या सातव्या लेण्यात आहे ते मूळचं बौद्ध विहार, त्याच्या भिंतींतून वीस खोल्या कोरलेल्या आहेत. पावसाळ्यात भिक्खूंनी हिंडायचं थांबवून एका जागी राहायचं, अशी त्यांची रीत. त्याला वर्षावास म्हणतात. आपला चातुर्मासही त्याच जातीचा. एका जागी राहणं ही शिक्षा नव्हती, व्रत होतं. तिथल्या पायऱ्या आत्ता चढता येणार नाहीत, पण ते व्रत खाटेवर पाळता येतं.

मोबाईल हा विहारच, पण तोही बेताचा. दिवसभर त्यातच डोकं घातलं की मान धरते आणि मन जास्तच उदास होतं. त्यापेक्षा एक हिशेब सांगतो. गीतेच्या बाराव्या अध्यायात २० श्लोक आहेत आणि पंधराव्यातही २०. सहा आठवड्यांचे दिवस ४२. रोज एक श्लोक पाठ केला तर दोन अध्याय तोंडपाठ होऊन दोन दिवस उजळणीला उरतात. वाचता येत नसेल तर नातवंडाला वाचायला सांगा आणि मागून म्हणा. त्याचंही पाठांतर होईल.

हातांनाही काम द्या. कापूस घेऊन वाती वळता येतात. शेंगा सोलता येतात, पावटा निवडता येतो. हे किरकोळ वाटेल, पण संध्याकाळी भाजी चुलीवर चढते तेव्हा त्यात आपलाही हात असतो.

वळ कुणाच्या पाठीवर?

आता थोडं अवघड बोलतो. आळे गावी रेड्याची समाधी आहे, आळेफाट्यावरून जाणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असलेली. पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले तो रेडा भावंडांबरोबर आला आणि आळ्याला त्यानं देह ठेवला, माऊलींनी त्याला समाधी दिली, अशी परंपरा आहे. त्याच रेड्याची आणखी एक कथा सांगतात. त्याच्या पाठीवर आसूड ओढले आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटले.

ही कथा आपण माऊलींची थोरवी म्हणून ऐकतो. अंथरुणावर पडल्यापडल्या ती वेगळी कळते. मार एकाला बसतो, वळ दुसऱ्याच्या पाठीवर उठतो. पडलो मी. पण पाण्याची कळशी आता कोण उचलतंय? गुरांचं कोण बघतंय? क्रेट कुणाच्या डोक्यावर आहे? बहुतेक घरांत उत्तर एकच : घरची लक्ष्मी, नाहीतर सून. आपल्या दुखण्याचा वळ तिच्या पाठीवर उमटतोय, आणि तिला पट्टा बांधून पडायची सोय नाही.

म्हणून आजारी माणसाची पहिली सेवा ही, की चिडचिड तिच्यावर काढायची नाही. चहा गार झाला म्हणून कप आपटायचा नाही. दुखत असेल तर स्पष्ट सांगायचं, कण्हत बसून समोरच्याला ओळखायला लावायचं नाही. जमेल ते आपलं आपण करायचं आणि जे जमत नाही ते मोकळ्या मनानं करून घ्यायचं. सेवा करणं आपल्याला शिकवलेलं असतं, सेवा घेणं शिकवलेलं नसतं. तेही नम्रतेचंच शिक्षण आहे. आणि तोड्याच्या दिवसांत भावकीतल्या कुणाला इर्जिकीला बोलावण्यात कमीपणा मानू नका. आज त्यांचे हात, उद्या आपले.

निकामी कोण?

मी निकामी झालो असं ज्याला वाटतं त्यानं बाबा आमट्यांना आठवावं. मणक्याच्या विकारामुळे त्यांना बसता येत नसे. एक तर उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं. तशा पाठीनं १९८५ मध्ये, सत्तरी ओलांडलेली असताना, ते तरुणांना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रेला निघाले. पोरं सायकलवर आणि बाबा गाडीतल्या बिछान्यावर. पुढे १९९० मध्ये नर्मदेच्या काठी जाऊन राहिले, तेही याच पाठीनं.

आपण सगळे काही बाबा होणार नाही. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. जे गेलं त्याचा हिशेब करत ते बसले नाहीत, जे उरलं होतं ते कामाला लावलं. आपल्याकडेही पाठ सोडून पुष्कळ उरलेलं असतं. जीभ आहे, कान आहेत, हात आहेत, चाळीस वर्षांच्या शेतीची समज आहे. पोरगं फवारणीचं विचारायला खाटेपाशी आलं तर तो मोठा मान समजा.

आजचा नेम

१. पहाटे जाग आली की उठायची घाई नको. पडल्यापडल्या वीस श्वास मोजा, प्रत्येक श्वासाला एक नाम.

२. डॉक्टरांनी जेवढं चालायला सांगितलंय तेवढंच चाला. कमी नको, जास्त नको. हीच आजची युक्त चेष्टा.

३. दुपारच्या त्या लांब तीन तासांत एक श्लोक पाठ करा, आणि आपल्यासारख्याच घरी पडलेल्या एका माणसाला फोन करा. उपदेश करू नका, त्याचं ऐका.

४. रात्री दिवा मालवण्याआधी, आज ज्यानं आपलं केलं त्याला नाव घेऊन सांगा : तुझ्यामुळे दिवस गेला.

प्रार्थना

हे पांडुरंगा, तू युगानुयुगं विटेवर उभा आहेस आणि मला आज उभं राहवत नाही. जेवढं झेपेल तेवढंच करण्याची बुद्धी दे. जे झेपत नाही ते दुसऱ्याच्या हातून घेण्याची नम्रता दे. माझ्या दुखण्याचे वळ ज्यांच्या पाठीवर उमटतायत त्यांना बळ दे, आणि त्यांचा शीण मला दिसेल अशी नजर दे.

उद्याचं वचन याच अध्यायातलं, श्लोक १८ आणि १९. वाऱ्यापासून जपलेल्या दिव्याचा दृष्टान्त तिथे आहे. जमलं तर आधी वाचून ठेवा.

राम कृष्ण हरी.